गोळी चुकते, तांबीची भीती वाटते: मग कोणतं गर्भनिरोधक निवडावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत थोडक्यात मांडते, म्हणजे माझी समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुमचं वय २९, मूल दीड वर्षाचं, अंगावर पाजणं आता बंद झालंय. दुसरं मूल हवं आहे, पण निदान तीन वर्षं तरी नको. चार महिने गोळ्या घेताय, त्यातल्या दर महिन्याला दोन-तीन तरी चुकतातच आणि मग पाळी येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. तांबीने फार अंगावरून जातं असं मैत्रिणीने सांगितलं, हॉर्मोन्सनी वजन वाढतं आणि पुढे मूल राहत नाही असं घरातल्यांनी. आणि शेवटी एक ओळ, "तशी तब्येत चांगली आहे, फक्त अर्धशिशीचा त्रास आहे." यावर तुमचा प्रश्न, सर्वांत चांगलं साधन कोणतं?

मी २२ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या शेवटच्या ओळीपासूनच मला सुरुवात करायची आहे, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर ठरतं.

डोकं दुखायला लागण्याआधी तुमच्या डोळ्यांपुढे काही दिसतं का? चमचमणारी नागमोडी रेघ, नजरेच्या एका बाजूला आंधळा ठिपका, हाताच्या बोटांपासून गालापर्यंत चढत जाणाऱ्या मुंग्या, किंवा थोडा वेळ शब्दच न आठवणं? हे सहसा पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतं आणि मग डोकं ठणकायला लागतं. याला ऑरा म्हणतात. एका बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही हो, तसं काही नाही, चष्म्याचा नंबर वाढला असेल बहुतेक." मी पेन पुढे केलं आणि म्हटलं, जे दिसतं ते काढून दाखवा. त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला करवतीच्या दात्यांसारखी एक अर्धगोल रेघ काढली आणि आतली जागा गिरवून गिरवून काळी केली. "इथलं दिसत नाही. वीस मिनिटं. मग दुखायला लागतं." तीन वर्षं त्या मिश्र गोळ्या घेत होत्या आणि कोणी विचारलंच नव्हतं.

नेहमीच्या २१ किंवा २८ गोळ्यांच्या पाकिटात बहुतेक वेळा दोन हॉर्मोन्स असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन, म्हणून त्यांना मिश्र गोळ्या म्हणतात. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते. ऑरा असलेल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका मुळातच इतरांपेक्षा थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. जागतिक आरोग्य संघटनेने कोणत्या तब्येतीला कोणतं साधन चालतं याचे निकष १९९६ मध्ये पहिल्यांदा काढले आणि ते वेळोवेळी सुधारले जातात. त्यात चार वर्ग आहेत. पहिला वर्ग म्हणजे बिनधास्त वापरा, चौथा म्हणजे वापरू नका. ऑरा असलेली अर्धशिशी आणि इस्ट्रोजेन ही जोडी कोणत्याही वयात चौथ्या वर्गात येते. दर आठवड्याला बदलायची त्वचेवरची पट्टी आणि योनीमार्गात ठेवायची रिंग यांतही इस्ट्रोजेन असतं, त्यामुळे त्याही बाद. घाबरून जाऊ नका, तुमच्या वयात पक्षाघात फार क्वचित होतो. पण तितकीच चांगली किंवा त्याहून चांगली साधनं असताना तो धोका पत्करायचं काही कारण नाही.

नुसता उजेड सहन न होणं किंवा मळमळणं म्हणजे ऑरा नव्हे. ऑरा नसेल, वय ३५ च्या आत असेल, रक्तदाब नॉर्मल असेल आणि धूम्रपान नसेल, तर मिश्र गोळ्या बहुतेकींना चालतात. ऑरा असेल तर मात्र हे पाकीट थांबवा, आजपासून कंडोम वापरा आणि डॉक्टरांना लवकर भेटा. गेल्या पाच दिवसांत संबंध आले असतील तर तेही त्यांना सांगा.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येते. तुम्ही विचारलंत की चांगलं साधन कोणतं. मला मात्र तुमच्या पत्रात दुसराच प्रश्न दिसतो, ज्या दिवशी मी विसरेन त्या दिवशी काय होईल? दीड वर्षाचं मूल घरात असलेल्या बाईला रोज ठरावीक वेळी एक गोष्ट आठवावी लागणं आणि ती महिन्यातून दोनदा राहून जाणं, यात तुमचा काही दोष नाही. ते साधनच तुमच्या दिवसात बसत नाही.

म्हणूनच मी प्रत्येक साधनाचे दोन आकडे सांगते. एक, अगदी तंतोतंत वापरलं तर. दुसरा, माणसं खरोखर जसं वापरतात तसं वापरलं तर. शंभर जणींनी वर्षभर काहीच वापरलं नाही तर सुमारे ८५ जणींना दिवस राहतात. गोळ्या एकही न चुकवता घेतल्या तर वर्षाला शंभरात एकीलाही राहत नाहीत, पण प्रत्यक्षात सुमारे ७ जणींना राहतात. कंडोमचे आकडे २ आणि १३. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा खरा आकडा ४ च्या आसपास, कारण पुढची तारीख हुकते. वीर्यपतनाआधी बाहेर काढण्यावर भिस्त ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांत सुमारे २०. आणि तांबी, हॉर्मोनची तांबी, दंडात बसवायचं इम्प्लांट? यांचे दोन्ही आकडे एकच्या आत. एकदा बसवलं की तुमच्या आठवणीवर काहीच उरत नाही, म्हणून दोन आकड्यांत अंतरच पडत नाही.

गोळ्या घेणाऱ्या बायकांना मी पाकीट घेऊन यायला सांगते. "नियमित घेते" असं म्हणणाऱ्यांच्या पाकिटावरही मधेच एखादी गोळी तशीच बसलेली दिसते, आणि तिच्या पुढची चार भोकं रिकामी. मी त्यावरून कोणाला बोलत नाही. त्या एका राहिलेल्या गोळीवर आमचं बोलणं सुरू होतं. ती कोणत्या वाराची? त्या दिवशी काय होतं? प्रवास, मुलाचा ताप, रात्रपाळी. त्या उत्तरातून मला कळतं की फोनवर गजर लावून भागेल की साधनच बदलायला हवं. तुमच्या बाबतीत चार महिने झाले, दर महिन्याला दोन-तीन. गजराने भागेल असं मला वाटत नाही.

मात्र साधन बदलेपर्यंत गोळ्याच घेणार असाल (आणि ऑरा नसेल), तर चुकल्यावर काय करायचं ते पक्कं माहीत हवं. एकच चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची नेहमीच्या वेळी, त्याने एका दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त चुकल्या तर सर्वांत अलीकडची चुकलेली घ्या, आधीच्या सोडून द्या, पाकीट सुरू ठेवा आणि सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरा. त्या चुकलेल्या पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि मधे संबंध आले असतील तर तातडीच्या गोळीचा (संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची, खाली सांगते) विचार करा. तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर मधला बिनहॉर्मोनचा आठवडा न घेता सरळ नवीन पाकीट सुरू करा. सर्वांत जास्त घोटाळा पाकीट उशिरा सुरू करण्याने होतो, हे बहुतेकींना माहीतच नसतं. सात दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची झाली की बीजकोष जागा व्हायला लागतो.

पाळीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण साधन बंद करण्याचं कारण विचारलं तर माझ्याकडे सगळ्यांत जास्त वेळा हेच ऐकू येतं. प्रत्येकीला विचारते, पाळीत कोणता बदल तुम्हाला चालेल? काहींना दर महिन्याला पाळी आली नाही तर झोप लागत नाही. काहींना पाळी बंद झाली तर सुटल्यासारखं वाटतं. काहींना जास्त गेलेलं चालतं, पण केव्हाही डाग लागलेले चालत नाहीत, कारण नोकरी अशी की दिवसभर बाथरूमला जाता येत नाही. यात चूक-बरोबर काही नाही. पण हे आधी विचारलं नाही तर उत्तम साधनसुद्धा दोन महिन्यांत काढून टाकलं जातं.

तांबीचंच बघा. तुमच्या मैत्रिणीने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. तांब्याची तांबी गर्भपिशवीत असते, तिच्यातून अगदी थोडं तांबं सुटत राहतं, त्याने शुक्रजंतू निकामी होतात आणि बीजापर्यंत पोचत नाहीत. यात हॉर्मोन मुळीच नाही, त्यामुळे ऑरा असो वा नसो, चालते. बीज नेहमीप्रमाणे बाहेर पडतं, पाळी नेहमीच्या तारखेला येते. पण पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त दिवस चालते, जास्त जातं आणि ओटीपोटात कळा येतात. त्या दिवसांत आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर कळा कमी होतात आणि रक्तस्रावही थोडा आटोक्यात राहतो. खूपच जात असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देता येतं. बहुतेकींचं सहा महिन्यांनी सुसह्य होतं. कायम पूर्वीइतकंच कमी होईल असं मात्र मी सांगणार नाही.

एक बाई तांबी बसवल्यावर दीड महिन्यात माझ्याकडे आल्या होत्या, काढूनच टाका म्हणाल्या. जिथे बसवली तिथे त्यांना पहिल्या काही पाळ्यांबद्दल कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं आत जखम झाली. आम्ही सोनोग्राफी केली, तांबी जागेवर होती, हिमोग्लोबिन ठीक होतं. मी म्हटलं, तुम्हाला काढायची असेल तर आत्ता काढते, पण थांबायचं असेल तर पुढच्या तीन पाळ्यांत किती पॅड लागतात ते लिहून आणा. त्या थांबल्या. वहीत पहिल्या पाळीला २६ पॅड, दुसरीला १९ आणि तिसरीला १६ असं लिहिलेलं होतं. सहा वर्षं त्यांनी ती तांबी ठेवली. बाईच्या हातात आकडा आला की भीतीची जागा विचार घेतो, हे मी तेव्हापासून पाहत आले आहे.

पण तुमच्या पाळ्या मुळातच जड असतील, किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर तांब्याची तांबी मी पहिली सुचवणार नाही. म्हणून तुमच्या पाळीचं वर्णन मला हवं होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

बसवण्याबद्दलही प्रामाणिकपणे सांगते. काहींना चिमटा घेतल्यासारखं वाटतं, काहींना पाळीतल्यापेक्षा जोराची कळ येते आणि चक्करल्यासारखं होतं. तुमचं एक बाळंतपण झालंय, त्यामुळे तुलनेने सोपं जाईल. वेदना कमी करण्यासाठी काय करणार ते आधीच विचारा आणि "थांबा" म्हटलं की डॉक्टर थांबतील हेही ठरवून घ्या. गर्भपिशवीला इजा होणं दुर्मीळ आहे, हजारात एक-दोन. तांबी आपोआप बाहेर पडण्याचं प्रमाण वीसात एक असं धरा, बहुतेक पहिल्या वर्षात, बऱ्याचदा पाळीच्या वेळी. म्हणून पाळीनंतर बोटाने तांबीचा दोरा लागतो का हे बघायची सवय करा. दोरा लागला नाही, किंवा तांबीचं टणक टोक हाताला लागलं, तर कंडोम वापरा आणि दाखवा. पहिल्या तीन आठवड्यांत ताप, वास येणारा स्राव, ओटीपोटात सतत दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि तांबी असताना पाळी चुकली तर चाचणी करा आणि ती पॉझिटिव्ह आली तर लगेच तपासून घ्या. तांबी असताना दिवस राहणंच दुर्मीळ आहे, पण राहिलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते.

आणखी एक गैरसमज. दहा वर्षं चालणारी तांबी दहा वर्षं ठेवावीच लागते असं नाही. तीन वर्षांनी, एक वर्षाने, केव्हाही काढता येते. दोरा धरून काढायला मिनिटभर लागतं आणि त्याच महिन्यापासून दिवस राहू शकतात.

हॉर्मोनची तांबी दिसायला तशीच, पण तांब्याऐवजी तिच्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन अगदी थोडं थोडं गर्भपिशवीतच सुटतं. इस्ट्रोजेन नाही. ५२ मिलिग्रॅमची तांबी पाच ते आठ वर्षं चालते. हिचा पाळीवर होणारा परिणाम तांब्याच्या उलट आहे. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, ते वैताग आणणारं असतं. मग रक्तस्राव खूप कमी होतो, वर्षभरात साधारण पाचात एकीची पाळी थांबते. रक्त आत साठून राहतं का, असं प्रत्येक जण विचारते. साठत नाही. अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे जायला काही तयारच होत नाही. ज्यांच्या पाळ्या जड आहेत त्यांना तर आम्ही उपचार म्हणूनच ही बसवतो.

इम्प्लांट म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवलेली काडेपेटीतल्या काडीएवढी, प्रोजेस्टोजेन सोडणारी लवचिक नळी. एका नळीचं निदान तीन वर्षं, दोन नळ्यांचं पाच वर्षं चालतं. आतून तपासणी नको असणाऱ्यांना हे फार सोयीचं. तेवढी जागा बधिर करून काही मिनिटांत होतं. रक्तस्राव मात्र कसा होईल ते आधी सांगता येत नाही. कोणाला अजिबात नाही, कोणाला महिन्यात पंधरा दिवस डाग. हे सहन होणार नाही असं वाटत असेल तर आधीच सांगा.

इंजेक्शनच्या बाबतीत मला माझी एक चूक सांगायला हवी. काम सुरू केलं त्या काळात एका बाईंना मी दर तीन महिन्यांचं डीएमपीए, म्हणजे नुसत्या प्रोजेस्टोजेनचं इंजेक्शन दिलं. गोळ्या विसरत होत्या, तांबी नको होती, मला ते सोयीचं वाटलं. पुढचं मूल कधी हवंय हे मी विचारलंच नाही. वर्षभराने त्यांनी इंजेक्शन थांबवलं, आणि पाळी यायलाच सात महिने लागले. दर महिन्याला त्या माझ्यासमोर येऊन बसत आणि विचारत, "आता मला मूल होईल ना?" झालं, पण तो काळ त्यांनी ज्या भीतीत काढला त्याला मी जबाबदार होते. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागू शकतात. हे साधन वाईट नाही. ते कोणाला दिसत नाही, तीन महिने विसरता येतं. फिट येण्याच्या आजारासाठी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन घेणाऱ्यांना किंवा क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन घेणाऱ्यांना गोळ्यांचा आणि इम्प्लांटचा परिणाम कमी मिळतो, पण इंजेक्शनचा मिळतो. फक्त "सहा महिन्यांत मूल हवं" असं म्हणणाऱ्या बाईसाठी ते नाही. तुमची तीन वर्षं पक्की असतील तर विचार करता येईल, पण तुमच्यासाठी ते माझ्या पहिल्या दोनांत नाही.

इथेच तुमच्या घरातल्यांच्या काळजीचं उत्तर आहे. पुढे मूल राहत नाही, ही भीती इंजेक्शनच्या त्या उशिरामुळे पसरली असावी. बाकीच्या साधनांना ती लागू होत नाही. तांबी, इम्प्लांट, गोळ्या थांबवल्यावर वर्षभरात शंभरात ८० हून अधिक जणींना दिवस राहतात, काहीही न वापरणाऱ्यांइतकेच. वजनाचंही तसंच. मिश्र गोळ्यांनी वजनात मोठा फरक पडल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. इंजेक्शनने मात्र काहींचं खरंच वाढतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढेही वाढत राहण्याची शक्यता असते. अशा वेळी मी साधन बदलते.

जुन्या पिढीची भीती निराधार नव्हती, हेही सांगायला हवं. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आजच्या बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ असतं. रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण गोळी न घेणाऱ्या दहा हजारांत वर्षाला सुमारे २, घेणाऱ्यांत प्रकारानुसार ५ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ते याहून जास्त असतं. एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, अशा वेळी वाट बघायची नाही.

गोळीच हवी असेल पण इस्ट्रोजेन नको असेल, तर फक्त प्रोजेस्टोजेनची गोळी मिळते. ती अंगावर पाजणाऱ्यांनाही चालते, ऑरा असलेल्यांनाही सहसा चालते. पण तिचं वेळापत्रक कडक असतं. जुन्या प्रकारात तीन तासांच्या उशिराने काम बिघडतं, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत बारा तासांच्या. तुमच्यासाठी अडचण तीच राहील. ओर्मेलॉक्सिफेन नावाची हॉर्मोन नसलेली गोळीही आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. रोजचं झंझट टळतं, पण वार लक्षात ठेवावा लागतोच आणि पाळी लांबते, त्यामुळे "राहिले की काय" ही धाकधूक काहींना होते.

कंडोमबद्दल थोडक्यात. संसर्गापासून संरक्षण देणारं हे एकमेव साधन, त्यामुळे नवा जोडीदार असेल किंवा शंका असेल तर दुसरं कोणतंही साधन असताना हेही हवं. सुरुवातीपासून घालायचा, मधूनच नाही. लॅटेक्सच्या कंडोमवर तेल, व्हॅसलीन लावायचं नाही, त्याने तो फाटतो. सुरक्षित दिवस मोजण्याच्या पद्धतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, त्यामुळे एवढंच सांगते की शुक्रजंतू पाच दिवस जगू शकतात आणि बाळंतपणानंतर पाळी अजून बसलेली नसेल तर ती पद्धत भरवशाची नाही. नसबंदी, तुमची असो वा नवऱ्याची, दुसरं मूल हवं असताना विषयच नाही. दुसऱ्यानंतर विचार कराल तेव्हा पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी आणि कमी धोक्याची असते, हे दोघांनी मिळून लक्षात ठेवा. त्यांना तीन महिने थांबून वीर्यतपासणी करावी लागते, तोवर दुसरं साधन.

तुम्हाला एक तातडीचा उपाय माहीत असावा. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी संबंधानंतर ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. युलिप्रिस्टल ही दुसरी गोळी १२० तासांपर्यंत. गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पाच दिवसांत बसवलेली तांब्याची तांबी, जी पुढेही ठेवता येते. तातडीची गोळी दर महिन्याचं साधन म्हणून वापरायची नाही, कारण इतर साधनांच्या मानाने तिचा भरवसा कमी आहे.

तर, तुमच्यासाठी? ऑरा असो वा नसो, रोजची गोळी मी सोडायला सांगेन. पाळ्या मध्यम असतील आणि हॉर्मोन नकोच असतील तर तांब्याची तांबी. पाळ्या जड असतील, कळा येत असतील किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर हॉर्मोनची तांबी. आतली तपासणी नको वाटत असेल आणि केव्हाही डाग लागणं चालणार असेल तर इम्प्लांट. तिन्ही तीन वर्षांसाठी योग्य, तिन्ही केव्हाही काढता येतात. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये २००७ ते २०११ या काळात ९,२५६ स्त्रियांना नीट माहिती देऊन हवं ते साधन मोफत दिलं गेलं. वर्षभराने तांबी किंवा इम्प्लांट घेतलेल्यांपैकी ८६ टक्के जणी ते वापरतच होत्या, गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के. हे वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही, माझ्या खोलीत मी हेच बघते.

एक शेवटचं, जे मी प्रत्येकीला एकटीला विचारते, सोबत आलेल्यांना पाच मिनिटं बाहेर बसवून. हे साधन तुम्हाला स्वतःला हवंय ना? नवऱ्याला किंवा घरच्यांना कळलं तर अडचण होईल का? तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या बाबतीत तसं असेल, तर डॉक्टरांना हे नक्की सांगा. दोरा आखूड कापता येतो, इंजेक्शन दिसत नाही, आणि तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये हा तुमचा हक्क आहे.

भेटीला जाताना बरोबर या गोष्टी न्या. शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि प्रत्येक पाळीला लागलेले पॅड. सध्याचं गोळ्यांचं पाकीट, जसं आहे तसं. सुरू असलेल्या सगळ्या औषधांची नावं. रक्तदाब तपासून घ्या आणि हिमोग्लोबिन करून घ्या. आणि पुढच्या वेळी डोकं दुखायला लागेल तेव्हा त्याआधीच्या तासाभरात काय दिसलं, ते वेळेसकट लिहून ठेवा. रेघ दिसली असेल तर ती काढूनच न्या.